रणभूमीवरचा माहितीपट प्रथमच पाहताना

नौपाड्यातील आपल्या चित्रपट मंडळात तुम्ही 'रेस्ट्रेपो' (२०१०) प्रथमच पाहणार आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की त्यात कथानक शोधू नका. अफगाणिस्तानातील कोरेंगल खोऱ्यात अमेरिकी सैनिकांच्या तुकडीसोबत राहून टिम हेदरिंग्टन आणि सेबास्टियन युंगर यांनी तो चित्रित केला. त्यात निवेदक नाही, सेनापतींच्या वा मुत्सद्द्यांच्या मुलाखती नाहीत, आणि गोळीबार चालू असताना शत्रू जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो समोरचा डोंगर. याच सैनिकांच्या इटलीत नंतर घेतलेल्या मुलाखतींत मात्र चेहरे अगदी जवळून दिसतात. बोलता बोलता एखादा जवान थांबतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवरून नजर हलवू नका. माझ्या मते माहितीपटाचे खरे बळ तिथेच आहे. हे खोरे अमेरिकी सैन्याने एप्रिल २०१० मध्ये सोडले, एवढी माहिती मनाशी ठेवूनच बसा.