एंड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत मधल्या थांब्यावर घोड्याचं नेमकं काय तपासतात? घरी सरावाला ठोके मोजायचं कुठलं यंत्र घ्यावं?

यंत्राचं नंतर. आधी पाण्याची बादली हाताशी ठेवा. त्या बादलीपायी माझी घोडी बाद झालीय.

माण तालुक्यात ४० किलोमीटरची हौशी शर्यत होती, २०-२० चे दोन टप्पे. मार्चअखेर, दहालाच ऊन मी म्हणत होतं. साळू पहिला टप्पा मारून आली ती कान ताठ, पाय साफ. मोतद्दार म्हणून आमचे चुलते, नाना. जन्मभर टांग्याची घोडी सांभाळलेला माणूस. मी बादली पुढं केली, त्यांनी पायानं बाजूला सारली. "तापल्या घोड्याला पाणी? पोट धरंल नि लोळंल!" अंगावर ओतावं म्हटलं तर, "सांधे धरतात." चार लोकांत थोरल्या माणसापुढं काय बोलणार?

आल्यापासून १५ मिनिटांत ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यायला हवेत, असा तिथला नियम. डॉक्टरीणबाईंनी डाव्या कोपरामागं नळी लावली. १५ सेकंदांत १८, म्हणजे ७२. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडली; रंग २ सेकंदांत परतायला हवा, तिला ३ च्या वर लागले. मानेची कातडी चिमटीतनं सोडली तर तशीच उभी. दुसऱ्यांदा नेली तेव्हा १७, म्हणजे ६८. बाद. मग बाईंनीच बादली मागवली. साळूनं पाऊण बादली एका दमात ओढली, मानेवर-पायांवर पाणी ओतलं आणि अर्ध्या तासात ठोके ५२. ना कळ, ना लोळणं. गाडीत नाना मलाच म्हणतात, "तू चढाला दामटलीस."

घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा मीठ जास्त असतं. पाण्यासंगं मीठही जातं, म्हणून रक्त खारट होत नाही आणि जनावराला तहान कळतच नाही. स्वतःहून पाणी मागेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उन्हाच्या धास्तीनं यावर रीतसर अभ्यास झाला, त्यात तापल्या घोड्यावर थंड पाणी ओतून काही बिघडत नाही असंच दिसलं. सांधे धरतात म्हणे!

बाकी तपासणीत दुडकी चालवून लंगड बघतात, पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, खोगिराखालची पाठ चाचपतात. एक युक्ती घरीही करा: ठोके मोजून घोडं ४० मीटर दुडकत न्या, तसंच परत आणा आणि पहिल्या मोजणीनंतर बरोबर मिनिटानं पुन्हा मोजा. दुसरा आकडा चढला तर ६४ च्या आत असूनही ते दमलंय.

यंत्र? साधा स्टेथोस्कोप पुरे, ठोके मोजणाऱ्या छातीपट्ट्याच्या नादी लागू नका. लब-डब मिळून एकच ठोका. माझा भाचा दोन मोजून रडकुंडीला आला होता. रोज सकाळी दाण्याआधी मोजून वहीत लिहा. निवांत घोड्याचे साधारण २८ ते ४४ पडतात, पण तुमच्या घोड्याचा आकडा तुम्हाला पाठ हवा.

हां, हरभरा-दाणा मात्र आल्या आल्या घालू नका, तेवढं नानांचं खरं. आणि शर्यतीचे नियम जागोजागी थोडे वेगळे असतात, आधी विचारून घ्या.

सुरुवातीचे पाचेक किलोमीटर मी दामटली होती, तेही कबूल. पण बादली तुम्ही सारलीत, नाना.