पोर्टऐवजी सॉकेटची फाइल: सुरू करण्याआधी वाच

तुझा सर्व्हर त्याच मशीनवरच्या एनजिनएक्सशी (पुढे बसून विनंत्या आत पाठवणारा वेब सर्व्हर) पोर्टऐवजी युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे एका फाइलच्या पाथवरून बोलणार आहे ना? तो सॉकेट उघडणं हे दहा मिनिटांचं काम आहे रे. कोडमध्ये सॉकेटचा प्रकार एएफ_आयनेटच्या जागी एएफ_युनिक्स, आयपी-पोर्टच्या जागी फाइलचा पाथ. लिसन, ॲक्सेप्ट हे कॉल जसेच्या तसे. खरी कटकट त्या फाइलची.

सर्व्हर मेला तरी फाइल मागे राहते. पुन्हा सुरू केलास की बाइंड (सॉकेटला पत्ता देणारा कॉल) म्हणणार, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. मग सगळे करतात तेच तूही करशील: आधी अनलिंक (म्हणजे फाइल पुसणं), मग बाइंड. मीही तेच केलं होतं. एकदा चाचणीसाठी सर्व्हरची दुसरी प्रत चालवली. तिने चालू सर्व्हरची फाइल पुसून स्वतःची ठेवली आणि बंद होताना तीही पुसून गेली. जुनी प्रोसेस ठणठणीत, पण एनजिनएक्सकडून ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरशी जोडता येत नाही! अर्धा दिवस मी एनजिनएक्सलाच शिव्या घालत होतो. म्हणून आधी त्या पाथवर कनेक्ट करून बघ. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तरच पूस.

लिनक्सवर कनेक्ट करायला फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते. एनजिनएक्सचा आणि तुझा ग्रुप एक ठेव, मोड ६६० (वाचणं-लिहिणं फक्त मालक आणि ग्रुपला). वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना मोकळं, करू नकोस. पाथही आटोपशीर ठेव, लिनक्सवर शेवटच्या शून्य बाइटसकट १०८ बाइटच मिळतात.

आणि लॉग लिहिणारा कोड तपास. इथे समोरच्याला आयपी नसतो. तो आहेच असं धरून चालणारी ओळ काहीतरी कचरा छापते. खरा पत्ता एनजिनएक्सने विनंतीसोबत पाठवलेल्या हेडरमधून घे. एनजिनएक्स जोडण्याआधी कर्लच्या (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) युनिक्स-सॉकेट पर्यायाने एक विनंती मारून बघ.