सावली बघून चाल

पोरी,

काल फोनवर तू तीन लेन्सची नावं घेतलीस, बरोबर येणाऱ्यांची भांडणं सांगितलीस. पण ग्रँड कॅन्यनवर किती वाजता पोचणार, ते काही सांगता आलं नाही. लेन्स कुठलीही ने गं. सावली कधी असते ते बघ.

मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा जूनच्या भर दुपारी मी काठावर उभा. समोर दीड किलोमीटर खोल दरी आणि फोटोत सगळं सपाट, धुऊन विटलेल्या चादरीसारखं. एका कड्याची सावली दुसऱ्यावर पडल्याशिवाय खोली दिसत नाही. चाळीस वर्षं लग्नाचे फोटो काढणाऱ्याला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण टूरच्या बसची वेळ ठरलेली, आणि मी पडलो भिडस्त.

त्या चिडीत ब्राइट एंजल ट्रेलने, म्हणजे दरीतल्या पायवाटेने उतरलो. सोलापूरचा मे काढलेला माणूस, मला कोण ऊन शिकवणार! पहिला निवारा, जेमतेम अडीच किलोमीटर. उतरायला पाऊण तास, चढायला दोन. सिंहगडावर दम लागला तर मागे फिरता येतं. इथे दम लागतो तोच मागे फिरल्यावर. शिवाय खडक बाजूनेही भाजतो. पाणी ढोसूनही पाय गळाले. पिशवीतली कडक भाकरी अन् शेंगाचटणी खाल्ली, मीठ पोटात गेलं, तेव्हा कुठे उठलो.

दहा ते चार चालायचं नाही. त्या वेळात आपण दुकानाचं शटर अर्धं ओढतो, तिथे काय वेगळं? एका दिवसात तळाच्या नदीपर्यंत जाऊन वर येऊ म्हणणाऱ्याला माझा नंबर दे. तिथले रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षकही तसं करू नका असंच सांगतात. तळाला काठापेक्षा दहा-अकरा अंश जास्त तापतं. साउथ कायबॅब ट्रेलवर तर प्यायला थेंब मिळत नाही. पहाटे ऊ-आह पॉइंटपर्यंत, दीडेक किलोमीटर उतर, सावल्या सरकताना फोटो काढ, वर ये. पुन्हा सांगतो, सावली.

तळाचा विष्णू शिस्ट, सुमारे १७५ कोटी वर्षांचा खडक, माझा राहिलाच. काकू अजून टोमणा मारते, "देवाच्या दारातून परत आलात." आलो. बसही चुकली, मुलगा तासभर बडबडला. पण म्हणूनच सहा वाजता काठावर होतो, आणि तेव्हाचा एक फोटो स्टुडिओत लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, "नळदुर्ग का हो?"

तुझा,
काका