ट्रॅक्टरवरची कुट्टी की मोटरवरची? आधी वैरण कोण कापणार ते ठरवा

‘ट्रॅक्टर घरी आहेच’ हे तुमच्या प्रश्नातले तीन शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसले. दहा गाई आहेत, ४५ एचपीचा ट्रॅक्टर घरी आहेच, तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारे कडबा कुट्टी (वैरण बारीक कापायचे) यंत्र घ्यावे की विजेच्या मोटरवरचे स्वतंत्र, आणि स्वतंत्र घेतले तर किती एचपीचे, असे तुम्ही विचारले आहे. रोजच्या वैरणीसाठी मोटरवरचे घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरात २०१७ साली याच तीन शब्दांवर ट्रॅक्टरवरचे यंत्र आले. त्यानंतरच्या दीड वर्षात जे झाले, ते तुमच्या गोठ्यात होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही संगमनेर तालुक्याच्या पठार भागातले. तेव्हा आठ संकरित गाई होत्या, वैरण म्हणजे बाजरीचे सरमाड, ज्वारीचा कडबा, पाणी असेल तोवर मका आणि घास. कुटुंब एकत्र होते. थोरले भाऊजी ट्रॅक्टर पाहत, माझे यजमान डाळिंब पाहत, आणि गोठा सासूबाईंकडे व माझ्याकडे होता. यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा मी म्हटले होते की मोटरवरचे घेऊ. भाऊजी म्हणाले, ‘दारात ट्रॅक्टर उभा असताना वेगळी मोटर कशाला? शिवाय ट्रॅक्टरवर दहा मिनिटांत काम होते.’ वेगाबद्दल ते खरेच बोलत होते. पण दारात ट्रॅक्टर उभा असतो तो रात्री. सकाळी सहाला, धारा काढून दूध डेअरीला गेले आणि गाईंना वैरण टाकायची वेळ झाली की, तो कोणाच्या तरी शेतात नांगरणीला किंवा आमच्याच बागेत फवारणीला गेलेला असे.

मग त्यावर तोडगा असा निघाला की भाऊजींनी रात्री दोन दिवसांची वैरण एकदम कापून ठेवायची. कोरडे सरमाड असे ठेवता येते, हिरवा मका ठेवता येत नाही. कापलेला ओला चारा ढिगात राहिला की रातोरात आतून तापतो, आंबूस वास सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी गाय तोंड लावून मान फिरवते. मी ढीग पसरून ठेवायची, रात्री उठून उलथापालथ करायची, तरी निम्मा उकिरड्यावर जायचा. कांद्याच्या लागणीच्या दिवसांत एकदा ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्या गावी गेला तो तीन दिवस परतलाच नाही. गव्हाणीत अख्खे सरमाड टाकावे लागले. गाईंनी पाला ओढून घेतला आणि बुडखे पायाखाली तुडवले. त्या तीन दिवसांत दूध किती उतरले ते डेअरीच्या वहीत दिसत होते, पण त्याचा ट्रॅक्टरशी संबंध जोडायला घरात कोणी तयार नव्हते.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये एका रात्री आठच्या सुमारास कुट्टी चालू होती. उजेड ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा. भाऊजींनी हाताचा ॲक्सिलरेटर लावून ठेवला होता आणि ते गंजीवरून पेंढ्या आणायला गेले होते, म्हणजे सीटवर कोणीच नव्हते. मी यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारत होते. ट्रॅक्टर आणि यंत्र यांना जोडणाऱ्या शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण ग्रीस भरताना काढले होते, ते परत बसवलेच नव्हते. सासूबाई सांडलेली वैरण गोळा करायला वाकल्या आणि त्यांचा पदर शाफ्टला लागला.

पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे असतो. सेकंदाला नऊ. पदर गुंडाळला जातो आहे हे कळायच्या आत माणूस ओढला गेलेला असतो. मी ओरडले, पण इंजिनच्या आवाजात ते गंजीपर्यंत गेले नाही. मी धावत जाऊन मडगार्डवर चढले, आणि तिथे माझ्या लक्षात आले की ट्रॅक्टर बंद कसा करतात हे मला या घरात कोणी कधी शिकवलेले नाही. समोर तीन-चार दांड्या होत्या. कोणती ओढायची ते मला माहीत नव्हते. सासूबाईंचे लुगडे जुने, धुऊन धुऊन विरलेले होते, म्हणून पदर फाटला आणि त्या बाजूला फेकल्या गेल्या. मनगट मोडले, दीड महिना प्लास्टर राहिले. लुगडे नवे असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही रात्री जागी ठेवतो.

भाऊजींचे म्हणणे तेव्हाही असे होते आणि आजही असे आहे की चूक आवरण न बसवण्याची होती, यंत्राची नव्हती. आवरण हवेच होते, हे मला मान्य आहे. पण मोटरच्या यंत्राला बटण असते, ते भिंतीवर हाताच्या अंतरावर बसवता येते आणि पेंढी सारणारी बाईच ते बंद करते. ट्रॅक्टरच्या यंत्रात कापणारा माणूस एक आणि बंद करणारा माणूस दुसरा, तोही पाठमोरा किंवा जागेवर नसलेला. एका आवरणाने हा फरक भरून निघत नाही. मळणी यंत्रांत हात गेल्याच्या घटना वाढल्या म्हणून या देशाला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कुट्टीकडे मात्र बायकांचे घरातले काम म्हणून पाहिले जाते, आणि त्यामुळे तिच्या धोक्याचा विचार यंत्र विकत घेताना होत नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये मी बचत गटातून कर्ज काढून ३ एचपीची सिंगल फेज मोटर असलेले यंत्र आणले. घरात एकाच कामाची दोन यंत्रे कशाला आणि विजेचे बिल कोण भरणार, यावर बरेच दिवस बोलणे झाले. म्हणून मी एक महिना वही ठेवली. तो हिशोब आजच्या भावाने तुमच्या दहा गाईंना लावून सांगते. एका संकरित गाईला दिवसाला साधारण २५ किलो हिरवी आणि ५ किलो कोरडी वैरण धरली, तर दिवसाला ३०० किलो कापावे लागते. माझे यंत्र तासाला ५०० किलोच्या आसपास कापते, म्हणजे ३५ ते ४० मिनिटे. तेवढ्यात दोन युनिटच्या आतबाहेर वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी वीस रुपये झाले. ट्रॅक्टरवर हेच काम लवकर होते, पण ट्रॅक्टर मागे घेणे, यंत्र जोडणे आणि कापणे मिळून लिटरभर डिझेल जाते, म्हणजे नव्वद रुपये. दोन-तीन एचपीच्या कामासाठी ४५ एचपीचे इंजिन फिरवायचे म्हटल्यावर वेगळे काही होणार नाही. कर्ज मी चौदा महिन्यांत फेडले, आणि ते दुधाच्या पैशांतून फेडले.

आता घेताना काय पाहायचे ते सांगते. पेंढी आत ओढणारे रोलर उलटे फिरवण्याची दांडी असलेलेच यंत्र घ्या, आणि ती दांडी उभ्या जागेवरून हाताला येते ना ते दुकानातच पाहा. पात्यांच्या चाकावर पूर्ण झाकण हवे. पात्यांना धार नसेल तर मका कापला न जाता चेचला जातो आणि मोटरवर ताण येतो, म्हणून जास्तीची पाती सोबतच घ्या. दहा गाईंना ३ एचपी पुरते. कोणत्या कंपनीचे घ्यावे हे मी सांगणार नाही, जवळच्या गावात ज्याची पाती आणि बेअरिंग मिळतात ते घ्या. अनुदान हवे असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नका, आधीच्या तारखेची पावती चालत नाही.

काही गोष्टी माझ्या बाजूने नाहीत, त्याही लिहिल्या पाहिजेत. पहिल्याच उन्हाळ्यात माझी मोटर जळाली. आमच्या वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरत होते, आणि मी मीटरपासून गोठ्यापर्यंत घरातली जुनी बारीक वायर ओढली होती. ३ एचपीची सिंगल फेज मोटर सोळा-सतरा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. साध्या प्लगवर ती चालवू नका. जाड वायर, जास्त भार आला की आपोआप बंद पडणारा (ओव्हरलोडचा) स्टार्टर आणि चांगले अर्थिंग करूनच सुरू करा, कारण गोठ्याची जमीन ओली असते आणि शॉक माणसाआधी जनावराला बसतो. तुमच्याकडे सिंगल फेज वीजच धड नसेल आणि शेतीच्या थ्री फेजवर अवलंबून राहायचे असेल, तर काही दिवस कुट्टी मध्यरात्री करावी लागेल. अशा ठिकाणी मोटरचा आग्रह मी धरणार नाही.

दुसरे म्हणजे मुरघास (हवाबंद साठवून मुरवलेला हिरवा चारा). मका चिकात आला (दाण्यात दुधासारखा चीक भरला) की तो कापून, खड्ड्यात दाबून, हवाबंद करणे एक-दोन दिवसांत संपले पाहिजे, नाहीतर हवा राहून बुरशी येते. वीस टन मका माझ्या यंत्रावर कापायला चाळीस तास लागतील. पीटीओवरचे मोठे यंत्र तासाला तीन टन कापते आणि एका दिवसात काम उरकते. आम्हीही मुरघासाला भाऊजींचेच यंत्र वापरतो, शाफ्टवर आवरण बसवून, आणि सीटवर एक माणूस बसवून. वर्षात दोन दिवसांच्या या कामासाठी यंत्र भाड्यानेही मिळते, तेवढ्यासाठी ते विकत घ्यायची गरज नाही.

तुम्ही गाई किती, ट्रॅक्टर किती एचपीचा, बजेट किती, सगळे लिहिले आहे. रोज सकाळी यंत्रासमोर कोण उभे राहणार, ते लिहिलेले नाही. तुमची पत्नी किंवा आई उभी राहणार असेल, तर हा प्रश्न त्यांना विचारा, आणि त्यांनी ट्रॅक्टरवरचे चालेल असे सांगितले, तर ते आणायच्या आधी इंजिन बंद करायची दांडी त्यांच्याकडून चार वेळा ओढवून घ्या.