तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन शिकायला मिळेल का?

घरातून कॉलेजची पायरी चढलेल्या तुम्ही पहिल्याच, एनएमआर (रेणूची रचना ओळखायचं यंत्र) फक्त पुस्तकात पाहिलाय, आणि अशा मुलांना कोण घेणार, असं तुम्ही विचारलंय. घेतात. मी अशाच कॉलेजातून आलो आणि आता आमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात मुलं येतात, म्हणून खात्रीने सांगतो.

पहिला अर्ज तिन्ही विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपचा करा. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी (इन्सा) आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस (नासी) मिळून ती चालवतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात, उन्हाळ्यात शोधाशोध करून उपयोग नाही. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा कार्यक्रम तर २००४ पासून पदवीच्या मुलांसाठीच आहे. अमेरिकेतल्या आरईयूचं, म्हणजे पदवीच्या मुलांसाठीच्या संशोधन कार्यक्रमाचं म्हणाल, तर एनएसएफ या तिथल्या सरकारी संस्थेच्या पैशातल्या त्या जागा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात. तो नाद सोडा.

गाडी अडते ती शिफारसपत्रावर. मुलं सरांकडे मागायला संकोचतात, शेवटच्या दिवशी जातात, आणि सर घाईत लिहितात, ‘विद्यार्थी मेहनती व नम्र आहे.’ असल्या पत्रावरून मी काय ठरवू? तुम्ही आत्ताच सरांना भेटा आणि प्रॅक्टिकलमध्ये काय केलंत ते कागदावर लिहून द्या. समजा सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये (क्षारात कोणते धातू आहेत ते गटागटाने ओळखताना) आम्ल कमी पडलं आणि पुढच्या गटात यायचं निकेल दुसऱ्या गटातच काळं होऊन खाली बसलं. ते तुमच्या कसं लक्षात आलं, एवढं जरी पत्रात आलं तरी मी तो अर्ज बाजूला काढून ठेवतो. तुमच्या स्वतःच्या लिखाणातही हेच येऊ द्या. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ हे वाक्य सगळेच लिहितात.

हातकामाची भीती नको. सुरुवातीला बहुतेक टीएलसीच, म्हणजे पातळ थराच्या प्लेटवर मिश्रणातले घटक वेगळे करून बघणं, करावी लागते. प्लेटवर रेघ पेन्सिलनेच मारायची, कारण शाई द्रावकाबरोबर वर चढते. केशनळीने बारीक ठिपका द्यायचा आणि द्रावकाची पातळी ठिपक्याच्या खाली ठेवायची, नाहीतर नमुना खालीच विरघळून जातो. मग २५४ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) दिव्याखाली बघायचं. ब्युरेटवर हात बसलेल्या मुलांना हे पटकन जमतं. आपली मुलं मागे पडतात ती ग्रुप मीटिंगमध्ये, इंग्रजीच्या धाकाने गप्प बसून. जीव तुटतो, कारण प्रश्न त्यांच्याकडे असतात, नंतर चहाला तेच मराठीत विचारतात. मोडक्या इंग्रजीत विचारा, हिंदीत विचारा, पण तिथेच विचारा.

आणि निवड झाली की होकार कळवण्याआधी वसतिगृहात जागा आहे का ते विचारून घ्या. प्रवासखर्च मिळणार असला तरी तो बहुधा तिकीट दाखवल्यावर मिळतो, तेव्हा जाण्यापुरते आणि पहिल्या काही दिवसांच्या जेवणाचे पैसे घरी आधीच बोलून ठेवा.