जी अधिक की उणे?

प्रश्न : सरांनी एका गणितात ९.८ अधिक घेतलं, पुढच्यात उणे. क्लासमध्ये सांगतात, वर जाताना उणे, खाली येताना अधिक. नेमकं काय धरू?
– अकरावीची विद्यार्थिनी, धरमपेठ

जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, ही नुसती किंमत आहे, आणि ती नेहमी अधिकच. चिन्ह लागतं ते दिशेला. म्हणून गणित हातात घेतलं की आधी वहीच्या कोपऱ्यात एक बाण काढ. बाणाची दिशा अधिक, गणित संपेपर्यंत तीच. क्लासचा नियम मात्र सोडून दे. तो चेंडू हवेत असतानाच बाण फिरवायला लावतो.

हे करून बघ. १० मीटर उंच छताच्या कठड्यावरून चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो खाली अंगणात किती वेळाने पडेल? जी १० धरू, वेळ क्ष. बाण वर काढला तर वेग +५, त्वरण −१०, आणि अंगण छताच्या खाली म्हणून विस्थापनही −१०. विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ², म्हणून

−१० = ५क्ष − ५क्ष²

उत्तर २ सेकंद. बाण खाली काढ, तिन्ही चिन्हं उलटतात, उत्तर तेच.

आता विस्थापनाचं उणे राहून गेलं असं समज. १० = ५क्ष − ५क्ष² सोडवायला गेलीस की ५ ने भागल्यावर विवेचक (वर्गमुळाखालची संख्या) −७ येतो, मूळच निघत नाही. आणि ते योग्यच आहे! तू विचारलंस की चेंडू छताच्याही वर १० मीटरवर कधी पोहोचेल, आणि तो तर जेमतेम सव्वा मीटर चढतो. तिन्ही अधिक घेतलंस तर १ सेकंद येतो. हे चेंडू खाली फेकला असता तर आलं असतं. म्हणजे चिन्ह चुकलं की दुसऱ्याच गणिताचं अचूक उत्तर हाती येतं. म्हणूनच परीक्षेत शंकासुद्धा येत नाही.

प्रश्न : अगदी वरच्या टोकाला वेग शून्य, मग त्वरणही शून्य ना?
– बारावीचा विद्यार्थी, प्रतापनगर

नाही. तसं असतं तर चेंडू तिथेच टांगून राहिला असता. बाण वर असेल तर हवेत पूर्ण वेळ −९.८. उतरताना वेगही उणे, म्हणून चेंडूची गती वाढत जाते. ‘उणे त्वरण म्हणजे मंदन’ हे पाठांतर इथे फसतं.

प्रश्न : मुलाने उंची टेबलापासून मोजली आणि फरशीवरच्या वस्तूची स्थितिज ऊर्जा उणे काढली. ऊर्जा उणे कशी असेल?
– एक पालक, महाल

त्याचं बरोबर आहे. शून्य कुठे धरायचा हे आपण ठरवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. शून्य समुद्रसपाटीला धरला तर तुमच्या फरशीवरच्या एक किलो संत्र्यांत तीन हजारांवर ज्यूल भरतील. टेबल धरला तर उणे. पण तीच संत्री पाऊण मीटर उंच टेबलावरून खाली पडली तर घट दोन्हीकडे सारखीच, साधारण ७.४ ज्यूल. फक्त शून्य कुठे धरला ते त्याला पहिल्या ओळीत लिहायला सांगा.