सत्य व्यक्तिनिष्ठ असतं की वस्तुनिष्ठ?

माझ्या मते सत्य वस्तुनिष्ठच असतं. व्यक्तिनिष्ठ असतो तो आपला अनुभव, आणि दोन्हींना आपण 'खरं' म्हणतो तिथे घोळ होतो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ कूलरसमोरून हलत नाही, आणि आजी त्याच दुपारी गच्चीवर पापड पालथे घालत म्हणते, "एवढं काही ऊन नाही बाप्पा." दोघंही खरंच बोलतात, पण स्वतःबद्दल. तापमापीतला आकडा दोघांसाठी एकच.

नागपुरातल्या झिरो माईल या दगडी स्तंभाचंच घ्या. तिथली नोंदलेली उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. मीटरमध्ये मोजलं तर साधारण ३११. समुद्राची सपाटी कुठली धरायची हे माणसांनीच ठरवलं, मान्य. पण एकदा ठरल्यावर उत्तर कुणाच्या मर्जीवर राहत नाही. 'हा भारताचा मध्यबिंदू' या दाव्याचं मात्र तसं नाही. कुठल्या सीमा, कोणती पद्धत, हे सांगितल्याशिवाय तो खरा की खोटा हे ठरवताच येत नाही.

'ज्याचं त्याचं सत्य' म्हणताना लोक जैनांचा अनेकान्तवाद पुढे करतात, ते मला पटत नाही. एका बाजूने पाहिलेलं अपुरं असतं, इतकंच तो सांगतो. वस्तू तीच राहते.